चाचा, तुमच्या नावानं अजून काम चालू आहे

चाचा, तुम्हाला मिट्टी देऊन आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत तुम्ही कारखान्यात बावीस नवे नियम केले, चार बदलले आणि एक काढून टाकला. हे मी मनाचं सांगत नाही. फायरवॉलच्या नोंदीत तसं लिहिलंय. प्रत्येक ओळीच्या शेवटी तुमचं नाव आहे, रशीद मुजावर, आणि त्यापुढं मिनिट-सेकंदासकट वेळ.

येडशीच्या कब्रस्तानात मी तुमच्यावर तीन मुठी माती टाकली तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी कामावर आलो, सवयीनं नोंद उघडली. आदल्या दुपारी दोन वाजून छत्तीस मिनिटांनी तुम्ही शेतकी विभागाच्या नव्या प्रिंटरला रस्ता दिला होता. मी उठून बाहेर गेलो, उसाच्या गाड्यांच्या रांगेमागं जाऊन उभा राहिलो आणि ओकलो. हे घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

हे कसं झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. तुम्ही गेलात तेव्हा ते एकट्या माझ्याकडं उरलं.

तुमची माझी पहिली गाठ फोनवर पडली आणि तुम्ही ती फोनवरच तोडली. मी अणदूरचा, नुकता डिप्लोमा झालेला, डिस्टिलरीच्या कार्यालयात संगणकाच्या कामाला करारावर लागलेला. एक सॉफ्टवेअर उतरवायचं होतं, ते अडत होतं. कुणीतरी सांगितलं, मुजावरांना फोन कर, ते उघडून देतील. मी म्हटलं, "सर, एक पोर्ट उघडायचाय." तुम्ही म्हणालात, "समोर येऊन सांगा." आणि फोन ठेवलात.

भर उन्हात मळीच्या वासातून चालत मी तुमच्या खोलीवर आलो. तुमच्या टेबलासमोर ते हिरवं लोखंडी स्टूल. खुर्ची एकच, ती तुमची. तुम्ही आधी चहा सांगितलात, मग तीन सवाल विचारलेत. कुणाला पायजे, कशाला पायजे, आन् बंद कधी करायचं. तिसऱ्याला मी म्हटलं, बघू.

"गावाला वेस असती का न्हाय?" तुम्ही म्हणालात. "हे फायरवॉल म्हणजे आपली वेस. कुठल्या संगणकानं कुठं जायचं, कोण भायेरून आत येणार, त्याचे नियम ह्यात. एक दरवाजा उघडला की आपण इसरतो, बाबा. उघडायला सांगणारा बदली होऊन जातो. दरवाजा ऱ्हातो उघडाच. म्हणून इचारतो."

मग ड्रॉवरमधून ती लांबट वही काढलीत. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. त्यात माझं नाव, माझं कारण आणि 'आठ दिवसांनी बंद' असं लिहिलंत, पानाचा आकडा बघितलात आणि मगच संगणकावर नियम केलात. नियमाच्या टिपेत फक्त तो पानाचा आकडा टाकलात. बाकी सगळं वहीत. मला वाटलं, काय विक्षिप्त म्हातारा आहे. नवव्या दिवशी माझं सॉफ्टवेअर बंद पडलं.

एमडी साहेबांनासुद्धा तुम्ही त्या स्टुलावर बसवलंत, ही गोष्ट कारखान्यात अजून सांगतात. लोक त्यात मीठमिरची लावतात. मी तिथं होतो. साहेब स्वतः आले, स्वतःच बसले, आणि त्यांना घरून कॅमेरे बघायचे होते ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही तेच तीन सवाल विचारलेत, त्याच आवाजात. साहेब हसले, पण खूश नव्हते. ते तुम्हालाही दिसलं होतं. गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "फोनवर माणूस मन धरायला हो म्हणून टाकतो. समोर बसल्यावर खरं बोलावं लागतं." मला ते तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

मला तुम्ही डिस्टिलरीतून मागून घेतलंत. सात वर्षं मी तुमच्या खोलीत होतो. हाताखाली म्हणायचं, पण तुम्ही कधी तसं वागवलं नाहीत. एकदा तुमच्या मोटारसायकलवरून रामलिंगच्या रस्त्यानं येडशीला चाललो होतो, आठवतं? माकडानं डिकीची पिशवी ओढली आणि वही घेऊन झाडावर. तुम्ही खाली उभे राहून त्याला "अरे बेटा, दे रे, तुझ्या काय कामाची" म्हणत होता. शेवटी चाचीनं सकाळी दिलेला, कामाच्या गडबडीत न खाल्लेला सगळा डबा तुम्ही त्याच्यापुढं ठेवलात, शिरखुर्म्यासकट, तेव्हा वही खाली पडली. घरी उपाशी पोचलो. चाची म्हणाल्या, "माकडाला जेवण आन् माणसाला वही?" तुमच्या घरी मी इतका कधीच हसलो नव्हतो.

त्या वहीवरूनच आपलं भांडण. ते मिटलेलं नाही, चाचा. तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडणारही नाही.

पुण्याहून दोघं जण ते नवं घेऊन आले तेव्हा मी लई खूश होतो. एआय एजंट. आपण मराठीत साधं लिहायचं, 'शेतकीच्या प्रिंटरला कार्यालयापर्यंत रस्ता दे', की तो जोडणीच्या एका अवजारातून, म्हणजे छोट्या प्रोग्राममधून, फायरवॉलमध्ये जातो आणि नियम तयार करून टाकतो. बारीक कामं आपली आपण करतो. मोठं काही असलं तर आधी विचारतो, आपण कारण लिहून 'मंजूर' म्हटलं की मगच पुढं जातो. तो कारणाचा रकाना तुम्ही मागून घेतलात. माझ्यासमोर तुम्ही घातलेली तेवढी एकच अट. "हो म्हणा, न्हाय म्हणा, कारण लिहिल्याबिगर पुढं जायचं न्हाय." पुण्याच्या पोरांनी मान हलवली आणि तसं करून दिलं.

मी त्या रकान्यात टिंब टाकायचो. नुसतं एक टिंब. तेवढ्यानं पुढं जायचं.

तुम्ही माझ्यामागं उभं राहून पहिल्या दिवशी सगळं बघितलंत. "लई भारी," म्हणालात. मनापासून म्हणालात. मग विचारलंत, "पण हे कुणाला इचारतंय?"

"मला विचारतंय ना. मी मंजूर म्हणतो."

"आन् तू कुणाला इचारतोस?"

मी चिडलो. मला वाटलं, म्हाताऱ्याला भीती वाटतीय. आता स्टुलावर कुणी येणार नाही म्हणून. आणि तुमच्यावर अन्याय नको म्हणून तेही लिहितो, पुढच्याच महिन्यात त्या एजंटनं तुमची चूक पकडली. ऊस वजनाच्या काट्यावरच्या यंत्राच्या जुन्या दुरुस्तीवाल्यासाठी उघडलेला एक दरवाजा पाच वर्षं तसाच उघडा होता. तुम्ही वही काढलीत, पान बघितलंत, कपाळाला हात लावलात आणि पडद्याकडं बघून म्हणालात, "शाबास." खरंच तसं म्हणालात. दुपारी सगळ्यांना भजी खायला घातलीत.

म्हणून मी म्हटलं, चाचा, आता वही टाइप करून टाकू. सगळी कारणं त्याला वाचू द्या. तो तुमच्यापेक्षा जास्त ध्यानात ठेवील. तुम्ही नाही म्हणालात. मी परत म्हटलं. तुम्ही परत नाही.

"वही उघडायला माणसाला उठावं लागतं," तुम्ही म्हणालात. "ड्रॉवरपाशी जावं लागतं. पान काढावं लागतं. तेवढ्यात त्याला अक्कल येती. तेवढ्यासाठीच ठिवलीय."

मी तुम्हाला हटवादी म्हटलं. तोंडावर म्हटलं. अजूनही म्हणतो. वही टाइप केली असती तर त्याला कळलं असतं, आणि पुढचं काहीच झालं नसतं. मग मी विचार करतो, कळलं असतं तरी त्यानं मलाच विचारलं असतं, आणि मी टिंबच टाकलं असतं. तुम्ही नाही आहात, त्यामुळं दोन्ही बाजूंनी मीच भांडतो आणि दर वेळी हरतो.

आता ते सांगतो जे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

त्या अवजाराला आत जायला कुणाचं तरी खातं लागायचं. पूर्ण अधिकाराचं खातं कारखान्यात एकच, तुमचं. एजंटसाठी वेगळं खातं काढायचं तर अर्ज, एमडी साहेबांची सही, आणि ते त्या आठवड्यात मुंबईला. माझ्याकडं तुमचा पासवर्ड होता. सोलापूरला तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिला होतात. "आठ दिवस. मग बदलतो." परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "बदलू का रे?" मी म्हटलं, राहू द्या, अडीअडचणीला. तुम्ही म्हणालात, "बरं." तुम्ही, ज्यांनी एमडी साहेबांना स्टुलावर बसवलं, त्यांनी मला नुसतं बरं म्हटलं.

ती चिठ्ठी माझ्या पाकिटात होती, खंडोबाच्या फोटोमागं. मी ती काढली आणि तुमचं खातं एजंटला जोडून टाकलं. तात्पुरतं, असं मनाला सांगितलं. त्या दिवसापासून एजंट जे करील आणि मी जे मंजूर करीन ते सगळं तुमच्या नावावर पडायला लागलं. तुम्ही रोज सकाळी नोंद वाचायचात. तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसलं असणार. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. वाट बघत होता, मी समोर येऊन सांगेन म्हणून. मला आता तसं वाटतं. तेव्हा वाटायचं, तुमच्या लक्षात आलेलं नाही.

गाळप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मला निरोप आला, उद्या संचालक मंडळ येणार, नव्या यंत्रणेनं काय साफसफाई केली ते दाखवा. तुम्ही सकाळीच काट्याची चाचणी घेऊन, रिकामा ट्रॅक्टर चढवून, पावती निघाली ते बघून घरी गेला होतात. दुपारी मी एजंटला लिहिलं, 'वापरात नसलेले सगळे नियम दाखव.' त्यानं मागच्या तीन महिन्यांची रहदारी बघितली आणि यादी दिली. कारखाना मार्चपासून बंद. सकाळच्या तुमच्या त्या एका पावतीला त्यानं चाचणी म्हणून बाजूला ठेवलं. यादीत काट्याचा नियमही आला. वजनाचे आकडे काट्यावरून कार्यालयात जातात तो नियम.

आणि चाचा, त्यानं विचारलं होतं. तेव्हा हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्यानं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, 'या नियमाच्या टिपेत फक्त पान ४१ असं आहे. त्याचा अर्थ मला कळला नाही. काढण्यापूर्वी कृपया तपासा. काढू का?'

ड्रॉवर माझ्यापासून दोन हातांवर होता. मी उठलो नाही. कारणाच्या रकान्यात टिंब टाकलं आणि मंजूर केलं.

दुसऱ्या दिवशी उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम. मंडप, भाषणं, हलगी. पूजा झाली, मोळी पडली, पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि पावती निघेना. दुसरा चढला, निघेना. तामलवाडीपासून आलेल्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या. बैलं उन्हात उभी. ऊसतोड टोळीच्या बाया गाड्यांच्या सावलीला लेकरं घेऊन बसल्या. काट्यावरच्या माणसाच्या अंगावर लोक धावून गेले. संचालक मंडळाच्या समोर हे सगळं. मला समजलं होतं काय झालंय ते, तरी मी तीनदा चुकीचं खातं उघडलं.

तुम्ही मंडपातून आधी काट्यावर गेलात, यंत्र आणि तारा तपासल्यात, मग खोलीत आलात. मला काही विचारलं नाहीत. ड्रॉवर उघडलात, वही काढलीत, एकेचाळिसावं पान काढलंत, आणि हातानं, एकेक अक्षर दाबत तो नियम परत लिहिलात. वीस मिनिटांत पावती निघाली. पण त्याआधीचे साडेतीन तास कसे भरून यायचे?

संध्याकाळी आपल्या दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नोंदीचा कागद. एमडी साहेब म्हणाले, "चाचा, हे काय? काल दुपारी तीन वाजता तुमच्या नावानं नियम काढलाय. तुम्ही स्वतः काढलाय."

मी तुमच्या उजव्या बाजूला उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, तो मी काढला. त्याच महिन्यात माझा करार संपून कायम व्हायचं होतं, फाइल त्याच टेबलावर होती, आणि मी तिच्याकडं बघत होतो.

तुम्ही कागद हातात घेतलात. काल तीन वाजता तुम्ही येडशीत घरी होता. तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याच्या टोकानं पुसलात, परत लावलात. माझ्याकडं बघितलं नाहीत.

"व्हय साहेब," म्हणालात. "नजरचूक झाली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं जरा असं होतंय."

साहेब पुष्कळ बोलले. वयावरून बोलले, स्टुलावरूनही बोलले. इतकी वर्षं मनात ठेवलेलं ते सगळं बाहेर आलं. तुम्ही "व्हय, व्हय" म्हणत राहिलात.

बाहेर आल्यावर मी तुमचा हात धरला. "चाचा," एवढंच म्हणू शकलो. तुम्ही हात सोडवून घेतलात, रागानं नाही. म्हणालात, "आज नगं. आज तुला काय बी सुचायचं न्हाय. येडशीला ये. स्टूल घरी बी हाय."

महिनाअखेरीला तुमची मुदतवाढ संपली आणि पुढची मिळाली नाही. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला शाल नाही, नारळ नाही, दोन शब्द नाहीत. तुम्ही वही ड्रॉवरमध्ये ठेवलीत, चावी माझ्या हातात दिलीत आणि एसटीनं गेलात. त्याच आठवड्यात मी कायम झालो. घरी पेढे वाटले. आईनं विचारलं, मुजावर चाचांना दिले का? मी म्हटलं, हो.

त्यानंतर तुम्ही दोनदा फोन केलात. एकदा म्हणालात, हुरडा आलाय, ये. मी म्हटलं, सीझनची गडबड आहे. दुसऱ्यांदा म्हणालात, "बालाजी, काम न्हाय रे काय. नुसतं ये." मी म्हटलं, रविवारी नक्की. तो रविवार आला आणि मी घरी पडून राहिलो. तुमच्यासमोर बसून ते वाक्य बोलायचं मला जमणार नव्हतं, आणि न बोलता तुमचा चहा पिणंही जमणार नव्हतं. फोनवर कधी बोललो असतो तर तुम्ही ऐकलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याचाच मी आडोसा केला.

पुढच्या गुरुवारी सकाळी नाझनीनचा फोन आला. "अब्बा गेले," एवढंच म्हणाली. मी तिला "काय?" असं विचारलं. तिनं परत तेच म्हटलं.

जियारतीच्या दिवशी, कबरीवर दुआ मागून आल्यावर, तुमच्या अंगणात मी कोपऱ्यात बसलो होतो. नाझ पाणी घेऊन आली. ती धाराशिवच्या शाळेत शिकवते, तुमच्यासारखंच सरळ बघून बोलते. म्हणाली, "बालाजीभाऊ, एक विचारू? कारखान्यातले लोक म्हणतात, अब्बांनी काटा बंद पाडला. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी हट्टानं बसले, असं. खरंय का?"

तुमची मुलगी. तुम्ही जाऊन तीन दिवस.

मी म्हटलं, "आता ते कशाला काढतेस, नाझ."

तिनं ग्लास माझ्या हातात दिला आणि आत गेली. चाचा, तुमच्याकडून मी काय शिकलो असं कुणी विचारलं तर मला हा ग्लास आठवतो. इतक्या वर्षांत मी काहीच शिकलो नाही.

त्यानंतर मी एमडी साहेबांकडं गेलो. तुम्हाला खोटं वाटेल, पण गेलो. उभं राहून सगळं सांगितलं. चिठ्ठी, खातं, टिंब, पान एकेचाळीस. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दार लावून घे." मी लावलं. म्हणाले, "तू बोललास ते मी ऐकलं न्हाय. ते गेले, त्यांना आता काय फरक पडतोय? तू उगं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस, वर मला मंडळासमोर उत्तर द्यावं लागतंय. जा, सीझन चाललाय." मी दार उघडून बाहेर आलो. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल.

काल दुपारी एजंटची आठवड्याची सूचना आली. 'रशीद मुजावर यांचं नाव कामगारांच्या नव्या यादीत नाही. त्यांच्या नावाचं खातं अजून वापरात आहे. बंद करावं का?' मी तुमच्या खुर्चीत बसून ते दोनदा वाचलं. बंद केलं नाही तर उद्या माझी आणखी एखादी चूक तुमच्या नावावर पडणार, कबरीत असताना. बंद करायलाच हवं होतं. खाली रकाना होता, कारण.

पहिल्यांदा मी त्यात टिंब टाकलं नाही. लिहिलं, 'हा माणूस वारला. काट्याचा नियम त्यांनी काढला नव्हता. त्यांच्या खात्यातून मी काढला, मी, बालाजी. एजंटनं विचारलं होतं. मी वही उघडली नाही. केबिनमध्ये त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी गप्प राहिलो.' आणि मंजूर केलं.

पडद्यावर आलं, 'पूर्ण अधिकाराचं खातं बंद करण्यासाठी खातेदाराची संमती आवश्यक. विनंती कारणासह खातेदाराच्या मोबाइलवर पाठवली आहे.'

मी हसलो असेन बहुतेक. मेलेल्या माणसाची संमती. मग आठवलं, तुमचा मोबाइल बंद नाही. लोकांचे फोन येतात म्हणून नाझ तो जवळ ठेवते. मी विनंती मागं घ्यायला धावलो. मागं घेता येत नाही. तेही तुम्हीच सांगून करून घेतलं असणार.

थोड्या वेळानं विनंतीपुढं शब्द आला, 'पाहिलं'. बाहेर काट्यावर गाड्या चढत होत्या, उतरत होत्या, पावत्या निघत होत्या. मी फोन हातात धरून बसलो. तिचा फोन येईल, ती ओरडेल, रडेल, शिव्या देईल, काहीही चाललं असतं. फोन आला नाही. शाळा सुटायच्या सुमाराला पडदा हलला.

'नामंजूर. कारण: समोर येऊन सांगा.'

चाचा, मी तुमच्या खुर्चीतून उठलो आणि त्या हिरव्या स्टुलावर जाऊन बसलो. आजही तिथंच बसून हे लिहितोय. वही पिशवीत घातलीय, गाडीची चावी खिशात आहे, येडशी तासाभराच्या वाटेवर आहे. नाझ समोर बसेल, चाची दाराआडून ऐकतील, आणि मी सगळं पहिल्यापासून सांगेन. तुम्ही दोन महिने तिथं माझी वाट बघितलीत. आता मी येतोय, आणि तुमची खुर्ची रिकामी आहे.